स्वतःपुरते वाचन

दिवाळीपासून नाताळापर्यंतचे दिवस हे मराठी पुस्तकांच्या बाजारातील सुगीचे दिवस होत. या काळात कोणत्याही बऱ्यापैकी दुकानात वा ग्रंथप्रदर्शनात 'नवी पुस्तके' अशी पाटी लावलेले एक टेबल हमखास आढळते. त्यावरील पुस्तकांचे ढोबळमानाने चार वर्ग पाडता येतील: आत्मकथने, कथा-कादंबऱ्या, बालसाहित्य आणि हल्ली 'स्वयंविकास' असे भारदस्त नाव मिळालेली यशाची पुस्तके. पहिल्या तिन्हींचे गठ्ठे बेताचे असतात. चौथ्याची रास मात्र टेबलाच्या कडेपर्यंत पसरलेली असते. ग्राहकाचा हातही प्रथम त्या राशीकडेच वळतो. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांचा हात त्याला अपवाद आहे असे म्हणण्याजोगी परिस्थिती नाही.

याविषयी तक्रार करण्याचे पुष्कळांना कारण दिसत नाही. "मोबाईलच्या जमान्यात लोक निदान काहीतरी वाचत आहेत, हे काय थोडे झाले?" असा त्यांचा सवाल असतो. हे समाधान आम्हांला मान्य नाही. जे घर केवळ स्वतःच्या उपयोगाची पुस्तके वाचते, ते घर हळूहळू दुसऱ्याचे ऐकण्याची शक्ती गमावते, असे आमचे स्पष्ट मत आहे. आत्मकथन, कादंबरी आणि बालकथा या तिन्हींत दुसरा कुणीतरी बोलतो आणि वाचक ऐकतो. यशाच्या पुस्तकात वाचकाखेरीज दुसरे कुणी नसतेच. तिथे सारे बोलणे त्याच्याविषयी, त्याच्या उत्कर्षाविषयी, त्याच्या मनःशांतीविषयी. असे बोलणे कुणाला आवडणार नाही? आवडते, म्हणूनच ते खपते.

कुटुंबभेटीला गेल्यावर आमच्यापुढे एक विनंती वारंवार येते: "फादर, पोरगं अभ्यासात मागे पडतंय, एखादं चांगलं पुस्तक सुचवा ना." चांगले म्हणजे कसे, असे विचारले तर उत्तर ठरलेले: "म्हणजे ज्यातून काहीतरी मिळेल असं." कथेचे वा कादंबरीचे नाव सुचवले की चेहरे उतरतात. 'ती काय, वेळ घालवायची पुस्तके' असा भाव त्यांवर उमटतो. या 'काहीतरी मिळेल' या दोन शब्दांशी आमचे भांडण आहे.

प्रथम त्या राशीच्या नवेपणाची झडती घेऊ. मित्र जोडण्याची आणि लोकांवर छाप पाडण्याची युक्ती सांगणारे डेल कार्नेगी यांचे पुस्तक १९३६ साली अमेरिकेत निघाले. आज ते मराठीत निरनिराळ्या मुखपृष्ठांनी सजून मिळते. कार्नेगी १९५५ साली वारले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या पुस्तकावरील स्वामित्वहक्क संपतो. म्हणजे २०१६ सालापासून ते पुस्तक कुणीही भाषांतरित करावे, कुणीही छापावे. लेखकाला मानधन द्यायला नको, हस्तलिखिताची वाट पाहायला नको, नाव आधीच गाजलेले! साने गुरुजींचे 'श्यामची आई' याच न्यायाने २०११ पासून सर्वांना खुले झाले आहे आणि ते घरोघर पोहोचावे असेच आम्हांलाही वाटते. जुने पुस्तक छापण्यात गैर काही नाही. गैर आहे ते नव्वद वर्षांच्या परदेशी पुस्तकाला 'नवे' म्हणून टेबलाच्या मध्यभागी बसवणे आणि यंदाच लिहिलेल्या मराठी कादंबरीला कोपऱ्यात उभे करणे. ती कादंबरी लिहिणाऱ्याने चार-पाच वर्षे घासलेली असतात आणि पुष्कळदा ती छापण्यासाठी स्वतःच्या खिशात हात घातलेला असतो.

स्वावलंबन शिकवणाऱ्या पुस्तकांशी आमचे मुळात वैर नाही, हेही सांगितले पाहिजे. या प्रकाराला ज्या पुस्तकाने नाव दिले, ते सॅम्युएल स्माइल्स यांचे 'सेल्फ-हेल्प' १८५९ साली इंग्लंडात प्रसिद्ध झाले. लीड्स शहरातील कामगार तरुणांपुढे त्यांनी केलेल्या व्याख्यानांतून ते उगवले. ते पुस्तक चाळून पाहिले तर त्यात नियम थोडे आणि माणसे फार आढळतात. कुंभार, विणकर, यंत्रे शोधून काढणारे कारागीर अशा कितीतरी जणांची चरित्रे त्यात आहेत. वाचकाला मदत होते ती त्या माणसांच्या सहवासाने. आजच्या यशाच्या पुस्तकांनी ही माणसे बाहेर काढली आणि नियम तेवढे ठेवले. सात सवयी, पाच पायऱ्या, एकवीस दिवस! माणूस उरलाच तर तो नियमाखालच्या उदाहरणापुरता, गणिताच्या पुस्तकातील दूधवाल्यासारखा.

नियम न सांगता माणूस घडवणारे पुस्तक मराठीत नाही असे कुणी म्हणू नये. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' १९८१ साली आले. गुलामगिरीत जन्मलेल्या एका काळ्या मुलाने शेतीशास्त्रज्ञ होऊन आपले आयुष्य गरीब शेतकऱ्यांच्या पायाशी कसे वाहिले, एवढेच त्यात सांगितले आहे. ते वाचून महाराष्ट्रातील कितीतरी तरुण शेती, शिक्षण व समाजसेवा यांकडे वळले. 'यशस्वी व्हा' असे त्या पुस्तकाला कुठे म्हणावे लागले नाही.

आता दोन बापांची गोष्ट. १९९७ साली अमेरिकेत निघालेले 'रिच डॅड पुअर डॅड' मराठीतही घरोघर पोहोचले आहे. त्यात एक बाप लेखकाचा स्वतःचा: उच्चशिक्षित, नोकरी करणारा, पैशाचे गणित न जमलेला. दुसरा बाप मित्राचा: पैशाची विद्या जाणणारा. धडा घ्यायचा तो दुसऱ्याकडून. पैसा नीट हाताळावा, कर्जात बुडू नये, हे शिकवण्यात वावगे काहीच नाही. पण स्वतःच्या बापापुढे 'गरीब' हे विशेषण लावून त्याला मुखपृष्ठावर उभे करायचे, ही दृष्टी आपण मुलांच्या हाती देत आहोत, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

त्या पुस्तकाच्या चार वर्षे आधी, १९९३ साली, मराठीत नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' प्रसिद्ध झाले होते. खेड्यातून मुंबईला आलेला, बंदरात राबलेला, जेमतेम अक्षरओळख असलेला एक दलित बाप निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून आपल्या आठवणी लिहून काढतो आणि मुले त्या आठवणींना आपापल्या आठवणी जोडतात. लिहवून घेणारा मुलगा अर्थशास्त्रज्ञ. रिझर्व्ह बँकेत उच्चपदावर काम केलेला. पैशाचे शास्त्र त्याच्याइतके किती जणांना कळत असेल? तरीही त्याने आपल्या बापाचे मोल पैशात केले नाही. हे दोन्ही बाप एका टेबलावर ठेवले, तर आपले कुटुंब कोणाला घरी नेईल? आणि कोणाला घरी न्यायला हवे?

हा प्रश्न आमच्या दृष्टीने केवळ पुस्तकांचा नाही. अंत्यविधीच्या मिस्सापूर्वी आम्ही घरच्या मंडळींना विचारतो, "मृताविषयी दोन शब्द सांगा." मुले थोडेफार सांगतात. नातवंडे एकमेकांकडे पाहू लागतात. आजोबांनी पहाटे रहाटावर बैल हाकले, केळीची आणि पानांची ओझी आगगाडीने मुंबईला नेली, दुष्काळी वर्षात बावखलाच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर मळा जगवला, यातले काहीही त्यांना ठाऊक नसते. आजोबा त्याच घरात, त्याच पडवीत वीस वर्षे बसलेले होते. नातवंडे वाचत नव्हती असेही नाही. 'इकिगाई' त्यांनी वाचलेले असते. दोन स्पॅनिश लेखकांनी जपानच्या ओकिनावा बेटावरील ओगिमी गावी जाऊन तेथल्या वृद्धांशी गप्पा केल्या आणि २०१६ साली ते पुस्तक लिहिले. ओगिमीचे वृद्ध काय खातात, कुणाशी बोलतात, पहाटे उठून परसबागेत काय करतात, हे आपल्या तरुणांना तोंडपाठ आहे. आपल्या पडवीतील आजी पहाटे का उठत असे, हे मात्र त्यांनी तिला कधी विचारले नाही. त्या लेखकांनी परक्या गावातील म्हाताऱ्यांचे ऐकून घेतले, ही त्यांची थोरवी. आपण त्यांच्याकडून दीर्घायुष्याचे नियम उचलले आणि ऐकून घेण्याची रीत मात्र तिथेच सोडून दिली.

आत्मकथनाचे मोल इथे कळते. लक्ष्मीबाई टिळक घरीच अक्षरे शिकल्या. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चे चार भाग १९३४ ते १९३७ या काळात प्रसिद्ध झाले. त्यात उपदेश शोधून सापडत नाही. संसारातील भांडणे, फजिती, दुरावा आणि पुनर्मीलन सापडते, आणि शंभर वर्षांपूर्वीचे ख्रिस्ती घर डोळ्यांपुढे उभे राहते. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'नाही मी एकला' हे आत्मकथन लिहिले. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे आणि २५ जुलै २०२४ रोजी आपल्यातून गेलेले फादर वसईच्या एका वाडीतून कसे घडले, हे त्यातून कळते. पुस्तकाचे नावच काय सांगते ते पाहा. यशाच्या पुस्तकातला नायक एकटा असतो. इथला लेखक मुखपृष्ठावरच सांगून टाकतो की तो एकटा नव्हता.

आत्मकथनांच्या गठ्ठ्यातही कोंडा असतो, हे आम्ही नाकारत नाही. 'शून्यातून मी विश्व कसे निर्माण केले' या थाटाची, सत्काराच्या छायाचित्रांनी फुगलेली पुस्तके आजकाल उदंड झाली आहेत. ती आत्मकथनाच्या वेषातील यशाची पुस्तकेच होत. त्यांना चौथ्या राशीत टाकावे, हे बरे.

कादंबरीवरचा नेहमीचा आक्षेप असा, की ती खोटी असते. घडलेलेच नाही ते वाचून उपयोग काय? दर रविवारी शुभवर्तमान ऐकणाऱ्या कुटुंबाने हा आक्षेप घ्यावा याचे नवल वाटते. उधळ्या पुत्राचा बाप कोणत्या गावचा होता, त्याची जमीन किती होती, असे आजवर कुणी विचारले आहे का? प्रभूने रचलेली ती गोष्ट आहे, आणि तिच्यातून आपण बापाला ओळखतो. दिवंगत पोपमहोदय फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्यवाचनाच्या महत्त्वाविषयी एक खास पत्र लिहिले. तरुणपणी, १९६४-६५ साली, ते अर्जेंटिनातील सांता फे येथे येशूसंघाच्या शाळेत साहित्य शिकवीत असत. धर्मगुरूंच्या घडणीसाठी म्हणून हे पत्र लिहायला घेतले, पण ते सर्वच ख्रिस्ती जनांना लागू आहे, असे त्यांनी आरंभीच सांगून टाकले. कथा-कविता वाचताना आपण दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो, दुसऱ्याचा आवाज ऐकू लागतो, हा त्या पत्राचा गाभा आहे.

मराठीतील अलीकडच्या दोन कादंबऱ्या घ्या. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे गावातून उठवलेली माणसे आणि मागे राहिलेली म्हैस यांची ती कथा. आपल्या वसई-विरारच्या नळांना सूर्या धरणाचे पाणी येते. त्या पाण्याखाली कुणाची शेते गेली, कुणाच्या चुली विझल्या, हे नळ सोडताना कुणाच्या मनात येते? 'रिंगाण' वाचलेल्याच्या मनात ते एकदा तरी येईल. दुसरी कादंबरी देविदास सौदागर यांची 'उसवण'. तिला २०२४ सालचा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तुळजापूरचा हा लेखक स्वतः शिवणकाम केलेला. तयार कपड्यांच्या लाटेत ज्याचे यंत्र थंडावले अशा शिंप्याचे जिणे त्याने मांडले आहे. आपल्या गावातील शिंपी दुकान बंद करून कधी गेला, हे आपल्याला आठवते का? सणासाठी कपडे घेताना तो कुठे असेल असा विचार कधी शिवला का? यशाचे पुस्तक त्या शिंप्याला फार तर सांगेल, 'काळाबरोबर बदल.' कादंबरी आपल्याला त्याच्या यंत्राशेजारी बसवते. शेजाऱ्यावर प्रीती करा, हे आम्ही वेदीवरून सांगतो. पण शेजारी कसा दिसतो हे ज्याला ठाऊकच नाही, तो प्रीती कुणावर करणार?

सर्वांत मोठा अपराध आपण मुलांच्या बाबतीत करीत आहोत. बालकथेच्या पुस्तकाचे पान उघडण्यापूर्वी पालक शेवटचे पान पाहतात आणि विचारतात, "तात्पर्य कुठे आहे?" आता तर मुलांसाठीही यशाचे मंत्र निघाले आहेत. आठ वर्षांच्या पोराने ध्येय ठरवावे, वेळेचे नियोजन करावे, नेतृत्वगुण अंगी बाणवावेत! झाडावर चढायच्या वयात त्याला शिडीची किंमत शिकवायची, हा कोणता न्याय?

मराठी मुलांसाठी गोष्टी छापण्याचे काम ख्रिस्ती मंडळींनी फार पूर्वी हाती घेतले होते. अमेरिकन मिशनचे 'बालबोधमेवा' हे मासिक १८७३ साली सुरू झाले. त्या नावातच पाहा, बोध आहे पण मेवाही आहे. आजही मराठीत मेवा कमी नाही. संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'ला २०२२ साली, तर भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या कादंबरीला २०२४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. सासणे हे २०२२ च्या उदगीर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. एवढा मान्यवर लेखक मुलांसाठी भूतबंगल्याची गोष्ट लिहायला बसतो, आणि आपण ती मुलांना आणून देत नाही!

"आमची मुलं इंग्रजी माध्यमाची, त्यांना मराठी वाचता येत नाही," हे उत्तर आम्हांला पाठ झाले आहे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. रोज रात्री पवित्र माळेनंतर पंधरा मिनिटे आईने वा बापाने एक गोष्ट मोठ्याने वाचावी. मुले समोर बसलेलीच असतात. जी मुले घरात मराठीत हट्ट करतात, मराठीत भांडतात, त्यांना मराठीत गोष्ट कळत नाही, हे आम्ही मानणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचे फलक आपल्याकडेही लागले. अभिजात भाषा फलकावर टिकत नाही. ती झोपण्यापूर्वी ऐकलेल्या गोष्टीत टिकते.

शेवटचा आक्षेप किमतीचा. मराठी पुस्तके महाग झाली आहेत, असे ऐकू येते. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. बेताच्या आकाराची कादंबरी साधारणतः तीनशे-चारशे रुपयांत मिळते. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या समारंभात मंडपाच्या एका कमानीला याहून जास्त खर्च येतो. धर्मशिक्षणाच्या परीक्षेपासून क्रिकेटच्या स्पर्धेपर्यंत आपण जे चकाकते चषक वाटतो, ते वर्षभरात माळ्यावर जातात. त्यांच्याच पैशात प्रत्येक मुलाला एक गोष्टीचे पुस्तक देता येईल. धर्मग्रामाच्या वाचनालयांत कपाटे आहेत. त्यांची कुलपे उघडावीत आणि पुढील वर्षाच्या खरेदीत आत्मकथने, कथा-कादंबऱ्या व बालसाहित्य यांना पहिला मान द्यावा. यशाची पुस्तके ज्यांना हवीत त्यांनी ती स्वतःच्या पैशाने घ्यावीत. ती स्वतःसाठीच तर असतात.

हे सारे लेखक-प्रकाशकांनी करावे, आपण काय करणार, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील राशोल येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ कसा जन्मला, याची हकिगत ग्रंथातच आहे. साष्टीतील एका चर्चमध्ये रविवारी धर्मशिक्षण चालू असता एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने गाऱ्हाणे मांडले: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही? त्या माणसाने यशाची युक्ती मागितली नाही. त्याने स्वतःच्या भाषेत गोष्ट मागितली, आणि त्या मागणीतून एक महाग्रंथ उभा राहिला.

वाचकहो, मागणे हे आपले काम आहे. येत्या नाताळात पुस्तकांच्या दुकानी जाल तेव्हा विक्रेत्याला एवढेच विचारा: "या वर्षी मराठीत कुणी आपल्या बापाविषयी, आपल्या गावाविषयी, आपल्या मुलांसाठी काही लिहिले आहे का?" त्याने त्या मोठ्या राशीकडे बोट दाखवले, तर तिथून हलू नका. पुन्हा विचारा.